बलसाधना आणि विश्रांती

कोलकात्याच्या उत्तरेस, विमानतळाच्या आसमंतात डमडम हे उपनगर वसलेले आहे. इतिहासाच्या वाचकाला हे नाव ठाऊक असते ते तेथील जुन्या लष्करी छावणीमुळे आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील शस्त्रशाळेत तयार झालेल्या कुप्रसिद्ध गोळीमुळे. परंतु व्यायामाच्या अभ्यासकाला या परिसराची आठवण आणखी एका कारणासाठी होते. डमडमलगतच्या बागुइआटी या वस्तीत मनोहर आईच यांनी आपले उत्तरायुष्य व्यतीत केले. ४ फूट ११ इंच उंचीच्या या बंगाली मल्लाने १९५२ साली लंडन येथे आपल्या उंचीच्या गटात ‘विश्वश्री’ हा किताब संपादन केला, आणि ५ जून २०१६ रोजी, वयाच्या १०४ व्या वर्षी, इहलोकीची यात्रा संपविली.

लोखंडी वजने उचलून शरीर कमावू इच्छिणाऱ्या तरुणास आईच यांचे चरित्र स्वाभाविकपणेच मोह घालते. त्यांचा जन्म १७ मार्च १९१२ रोजी कुमिल्ला भागातील धामती या गावी झाला. हा प्रदेश आज बांगला देशात आहे. बालपणी काळ्या आजाराने त्यांचे शरीर पोखरून निघाले होते. व्यायामाच्या बळावर त्यांनी ते पुन्हा उभे केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते हवाई दलात दाखल झाले. तेथे एका ब्रिटिश अधिकाऱ्यास थप्पड लगावल्याबद्दल त्यांना कारावास भोगावा लागला. साधनांवाचून तुरुंगात आपण कधी कधी दिवसाचे बारा बारा तास व्यायाम करीत असू, असे त्यांनी पुढे सांगितले. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांची सुटका झाली.

‘दिवसाचे बारा तास’ हे शब्द वाचताच अनेक तरुणांच्या मनात एक समीकरण तयार होते. जितका व्यायाम अधिक तितके बळ अधिक, आणि व्यायामाविना गेलेला प्रत्येक दिवस म्हणजे बळाची हानी, असे ते समीकरण होय. डमडम असो, पुणे असो की कोल्हापूर, आज गल्लोगल्ली निघालेल्या व्यायामशाळांतून हेच समीकरण पुन्हा पुन्हा ऐकू येते. त्याची किंमत मात्र खांदे, गुडघे आणि कंबर यांना मोजावी लागते. म्हणून ते कितपत खरे आहे, याची शास्त्राच्या आधारे छाननी करणे अगत्याचे आहे.

भार पडल्यावर शरीरात काय घडते?

वजन उचलण्याच्या क्रियेने स्नायू वाढतो, असे आपण सहज बोलून जातो. काटेकोरपणे पाहू गेल्यास ही भाषा अपुरी आहे. वजन उचलीत असताना स्नायूची वाढ होत नाही. त्या वेळी त्याची झीज होत असते. त्यातील शर्करेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, खर्ची पडतो. तंतूंच्या रचनेत अतिसूक्ष्म बिघाड होतात. मज्जासंस्थाही काही काळ मंदावते. वाढ होते ती नंतर, शरीर ही झीज भरून काढू लागते तेव्हा.

अनभ्यस्त व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग का ठणकते, या प्रश्नाचा मागोवा थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०२ सालीच घेतला होता. बोटाच्या स्नायूकडून श्रम करवून घेणाऱ्या उपकरणावर प्रयोग करून, ही वेदना स्नायूच्या अंतर्भागात झालेल्या सूक्ष्म इजेमुळे उद्भवते, असा निष्कर्ष त्याने काढला. इजा झाली की दुरुस्ती आली, आणि दुरुस्ती म्हटली की तिला वेळ हा लागणारच.

हा वेळ किती असतो, याची कल्पना १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून येते. स्टुअर्ट फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्त्रीपुरुषांकडून पायांच्या स्नायूंचा जड व्यायाम करवून घेतला आणि त्यानंतर स्नायूंत नवी प्रथिने कोणत्या वेगाने तयार होतात याचे मापन केले. हा वेग व्यायामानंतर ३ तासांनी विश्रांतीच्या स्थितीपेक्षा ११२ टक्क्यांनी, २४ तासांनी ६५ टक्क्यांनी आणि ४८ तासांनी ३४ टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसून आले. म्हणजे सोमवारी सायंकाळी केलेल्या व्यायामाचे बांधकाम बुधवारी सायंकाळीही चालूच असते. गवंडी भिंत रचीत असताना तीच भिंत पुन्हा हादरविणे जसे अहिताचे, तसेच त्याच स्नायूवर त्या अवधीत पुन्हा पुन्हा कमाल भार टाकणे होय.

ग्लायकोजेनच्या बाबतीतही असाच अनुभव येतो. स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघा संशोधकांनी १९६६ साली एक मार्मिक प्रयोग केला. सायकलच्या यंत्रावर त्यांनी केवळ एकाच पायाने श्रम केले आणि दुसरा पाय विसावलेला ठेवला. नंतर तीन दिवस पिष्टमय पदार्थांनी युक्त असा आहार घेतला. श्रमलेल्या पायातील रिता झालेला साठा पुन्हा भरला, इतकेच नव्हे तर तो विसावलेल्या पायातील साठ्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. श्रमाने रिकामे झालेले कोठार पूर्वीपेक्षा अधिक भरण्याची ही प्रवृत्ती शरीराच्या अंगी आहे. मात्र त्यासाठी अन्न आणि अवधी या दोहोंची जोड मिळावी लागते.

प्रत्येक अवयवाचे घड्याळ निराळे

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग एक दिवसाआड व्यायाम केला म्हणजे झाले, आठवडाभराच्या सुटीची आवश्यकता ती कोणती? या शंकेचे उत्तर असे की, शरीरातील सर्व घटकांची दुरुस्ती सारख्याच गतीने होत नाही. ग्लायकोजेनचा साठा पुरेशा आहाराने साधारणतः एका दिवसात भरून निघतो. स्नायूंच्या प्रथिनांची दुरुस्ती दोनतीन दिवस चालते. परंतु स्नायूला अस्थीशी जोडणाऱ्या कंडरा फार मंद गतीने बदलतात.

ही मंदगती किती आहे, हे समजण्यास अणुस्फोटांचे साहाय्य व्हावे, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण एकाएकी वाढले आणि पुढे हळूहळू उतरले. अन्नावाटे तो कार्बन माणसांच्या ऊतींतही शिरला. एखाद्या ऊतीत तो किती आहे हे मोजले म्हणजे ती कोणत्या साली घडली याचा अंदाज बांधता येतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली या रीतीने टाचेच्या कंडरेची तपासणी केली, तेव्हा तिचा गाभा वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण जवळजवळ होत नाही, असे आढळून आले. स्नायूंचे मात्र सतत नूतनीकरण होत असल्याचे दिसले.

या शोधातून व्यायाम करणाऱ्याने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. काही आठवड्यांच्या सरावाने स्नायू बलिष्ठ होतात आणि अधिक वजन पेलू लागतात. परंतु ज्या दोराने ते वजन खेचले जाते तो दोर तितक्या त्वरेने जुळवून घेत नाही. दररोजच्या लहानसहान ताणांची बाकी त्याच्या खात्यावर साचत जाते. एक दिवसाची सुटी ती बाकी फेडू शकत नाही. म्हणूनच मधून मधून अधिक दीर्घ अशा उसंतीची योजना करावी लागते.

थकव्याच्या पायऱ्या

कॅनडातील माँट्रिअल येथे काम करणारे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, कोणताही तीव्र आघात झाला असता शरीर तीन अवस्थांतून जाते. प्रथम ते सावध होते, नंतर प्रतिकार करते, आणि आघात थांबलाच नाही तर अखेरीस क्षीण होते. या कल्पनेचा क्रीडाशिक्षणावर मोठा प्रभाव पडला. सोव्हिएट रशियात लेव्ह मात्वेयेव्ह यांनी १९६० नंतरच्या दशकात वर्षभराच्या सरावाची विभागणी जड, मध्यम आणि हलक्या कालखंडांत करण्याची पद्धती मांडली. तिचा पुढे जगभर प्रसार झाला. आजच्या ‘हलक्या आठवड्या’चे मूळ या विचारात आहे.

आधुनिक क्रीडावैद्यक थकव्याच्या तीन पायऱ्या मानते. पहिल्या पायरीवर कार्यशक्ती थोडी घटते, परंतु काही दिवसांच्या विसाव्याने ती पूर्ववत होते, किंबहुना वाढतेही. दुसऱ्या पायरीवर पूर्ववत होण्यास आठवडे लागतात आणि लाभ मात्र काहीच पदरी पडत नाही. तिसऱ्या पायरीवर, ज्यास ‘अतिसराव’ म्हणतात, महिने खर्ची पडतात. निद्रानाश, चिडचिड, भुकेचा अभाव, वरचेवर होणारे आजार आणि नेहमीचेच वजन जड वाटू लागणे, ही त्याची लक्षणे होत. खेदाची गोष्ट ही की, पहिल्या पायरीवरून दुसरीवर पाऊल केव्हा पडले, हे त्या वेळी ओळखू येत नाही. कार्यशक्ती घटली की उत्साही तरुण व्यायाम आणखी वाढवितो आणि न कळत तिसऱ्या पायरीकडे वाटचाल करू लागतो.

येथे एक धोक्याची सूचना देणे इष्ट आहे. अतिश्रमानंतर स्नायू सुजून असह्य दुखू लागले आणि लघवीचा रंग गडद तपकिरी झाला, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरल्याचा तो संभव असतो. त्यामुळे मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो. कोलकात्यासारख्या दमट उष्म्याच्या हवेत, पाणी कमी पिऊन अतिव्यायाम करणाऱ्यास हा धोका विशेष असतो. अशा वेळी विश्रांतीवर भिस्त न ठेवता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

सुटीने बळ ओसरते काय?

विश्रांतीचे हे सारे गुणगान मान्य केले, तरी कमावलेले बळ गमावण्याची भीती मनातून जात नाही. तिचे निरसन प्रयोगांनीच होऊ शकते.

जपानमधील ओगासावारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांच्या दोन तुकड्या केल्या होत्या. एका तुकडीने २४ आठवडे अखंड व्यायाम केला. दुसरीने ६ आठवडे व्यायाम आणि ३ आठवडे पूर्ण सुटी असा क्रम चालविला. अखेरीस छाती व दंडाच्या स्नायूंचा आकार आणि बळ यांत दोन्ही तुकड्यांची वाढ जवळपास सारखी भरली. फिनलंडमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर मध्ये तब्बल १० आठवड्यांचा खंड पाडण्यात आला होता. व्यायाम पुन्हा सुरू केल्यावर गमावलेले बळ आणि आकार साधारणतः पाच आठवड्यांत परत मिळाला.

तथापि सर्वच पुरावा सुटीच्या बाजूचा आहे, असे म्हणणे सत्यास सोडून होईल. २०२४ सालीच प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात ९ आठवड्यांच्या व्यायामाच्या मध्यावर एका तुकडीस एक आठवड्याची पूर्ण सुटी देण्यात आली. स्नायूंच्या वाढीत फरक पडला नाही, परंतु पायांच्या बळात अखंड व्यायाम करणारी तुकडी किंचित पुढे राहिली. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. सुटी म्हणजे बळ वाढविण्याची जादू नव्हे, ही एक. आणि ज्याने व्यायामास नुकताच प्रारंभ केला आहे, ज्याचा भार बेताचा आहे आणि जो ताजातवाना आहे, त्यास ठरीव सुटीची निकड भासतेच असे नाही, ही दुसरी. तिचे खरे मोल महिनोन्‌महिने जड वजने उचलणाऱ्यांस आहे, कारण सांधे आणि कंडरा यांच्यावरील बाकी त्यांच्याच खात्यावर साचलेली असते.

सुटीच्या पहिल्या आठवड्यात दंडाचा घेर किंचित उतरलेला दिसतो आणि तरुण हवालदिल होतो. याचेही कारण जाणून घ्यावे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी स्नायूंत साठते. सुटीत हा साठा थोडा कमी होतो आणि त्याबरोबर पाणीही जाते. जे उतरले ते बहुतांशी पाणी होय, मांस नव्हे. दम मात्र बळापेक्षा लवकर घटतो. म्हणून सुटीतही चालणे अथवा पोहणे चालू ठेवणे हितकर ठरते.

विश्रांतीची आखणी

विश्रांतीचे दोन प्रकार करता येतात. पहिला हलका आठवडा आणि दुसरा पूर्ण सुटी. हलक्या आठवड्यात व्यायामशाळेत जाणे थांबत नाही, भार तेवढा उतरतो. उदाहरणार्थ, एखादा तरुण आठवड्यातून तीन दिवस ६० किलोचे वजन खांद्यावर घेऊन आठ आठ बैठकांच्या पाच फेऱ्या करतो, असे समजू. एका दिवसाचा त्याचा एकूण भार ६० × ८ × ५ म्हणजे २४०० किलो झाला. हलक्या आठवड्यात त्याने ५० किलो वजन घेऊन तीनच फेऱ्या केल्या, तर हा भार ५० × ८ × ३ म्हणजे १२०० किलो, बरोबर निम्मा होतो. हालचालीचा सराव तुटत नाही आणि सांध्यांना उसंत मिळते.

बलस्पर्धांत भाग घेणाऱ्या खेळाडूंच्या अलीकडील एका पाहणीत, ते साधारणतः दर पाच ते सहा आठवड्यांनी असा विसावा घेतात आणि तो सुमारे सहा दिवसांचा असतो, असे दिसून आले. हा आकडा म्हणजे नियम नव्हे. वय, झोप, आहार आणि दिवसभराचे कष्ट यांनुसार तो बदलावा लागेल. गोदीत वा बांधकामावर दिवसभर ओझी वाहणाऱ्यास तो लवकर घ्यावा लागेल, हे उघडच आहे.

पूर्ण सुटीसाठी आपल्या पंचांगानेच सोय करून ठेवली आहे. डमडमच्या तरुणास दुर्गापूजेचे दिवस आणि महाराष्ट्रातील तरुणास गणेशोत्सव व दिवाळीचे दिवस आयतेच उपलब्ध असतात. परीक्षेचा काळही तसाच. या दिवसांत व्यायाम बुडाला म्हणून हळहळण्यापेक्षा, ते दिवस आधीच गृहीत धरून त्यांच्यापूर्वीचे चारपाच आठवडे जड व्यायामाचे ठेवावेत. बुडालेला व्यायाम आणि योजलेली विश्रांती यांत बाहेरून भेद दिसत नाही, परंतु पहिलीत मन खंतावते आणि दुसरीत ते निवांत राहते.

ज्याने विश्रांतीची योजना केली नाही, त्याच्यावर ती पुष्कळदा दुखापतीच्या रूपाने लादली जाते. भारताची वेटलिफ्टर मीराबाई चानू हिला २०१७ साली जगज्जेतेपद मिळविल्यानंतर पुढच्याच वर्षी कंबरेच्या दुखण्यामुळे आशियाई क्रीडास्पर्धांस मुकावे लागले. उपचार आणि धिम्या गतीने वाढविलेला सराव यांच्या आधारे ती परतली, आणि २०२१ साली तोक्यो येथे एकूण २०२ किलो वजन उचलून तिने ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळविले. खंड पडल्याने कारकीर्द संपत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

विश्रांतीच्या काळातही काही गोष्टी पाळाव्यात. आहार तोडू नये, कारण दुरुस्तीस प्रथिने लागतातच. डाळ, दूध, अंडी, मासळी यांपैकी जे परवडेल ते नित्याप्रमाणे घ्यावे. झोपेत काटकसर करू नये. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज ८ ते १० तास झोप आवश्यक असते. आपल्या तालमींतील अंगमर्दनाची जुनी चाल या दिवसांत सुखकर वाटेल. आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, राहिलेली कसर भरून काढण्याच्या ईर्षेने, कमाल वजनास हात घालू नये.

अपवाद आणि नियम

आता मनोहर आईच यांच्या बारा तासांकडे वळू. तो व्यायाम साधनांवाचूनचा, म्हणजे स्वतःच्याच शरीराच्या भाराचा होता. लोखंडी वजनांचा बारा तास अभ्यास आणि हा अभ्यास यांची तुलना होऊ शकत नाही. त्यांची चिकाटी पाहून तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना विशेष आहारही पुरविला होता. शिवाय असामान्य प्रकृतीच्या एका पुरुषास जे मानवले, ते शंभर जणांना मानवेल असे अनुमान काढता येत नाही. त्याच वाटेने जाऊन ज्यांचे खांदे निकामी झाले, त्यांची चरित्रे कोणी लिहून ठेवीत नाही. आईच यांच्याकडून घेण्याजोगा धडा निराळाच आहे. १९५१ साली विश्वश्रीच्या स्पर्धेत त्यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. ते लंडनमध्येच राहिले, तेथील रेल्वेत नोकरी केली आणि वर्षभराने किताब जिंकला. तेव्हा त्यांचे वय ४० होते. त्यानंतरही त्यांनी व्यायामाशी अनेक दशके नाते राखले. बळ ही काही आठवड्यांत ओरबाडून घेण्याची वस्तू नव्हे, हे या कालगणनेवरूनच दिसते.

आपला शेतकरी वर्षानुवर्षे तेच पीक घेत नाही. तो पिकांची फेरपालट करतो आणि प्रसंगी जमीन पडही टाकतो. पड टाकलेल्या जमिनीस कोणी आळशी म्हणत नाही. व्यायाम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक साधी वही घालावी. तीत दररोज उचललेले वजन, फेऱ्या, झोपेचे तास आणि सकाळी उठताच मोजलेले नाडीचे ठोके लिहावेत. वजन तेच असून ते जड वाटू लागले, झोप कमी झाली आणि नाडीचे ठोके काही दिवस नेहमीपेक्षा अधिक भरू लागले, तर हलक्या आठवड्याची वेळ जवळ आली असे समजावे. दोनतीन महिन्यांच्या नोंदी जमल्या म्हणजे आपल्या शरीरास किती आठवड्यांनी उसंत लागते, हे ज्याचे त्यास त्या वहीवरून कळून येईल.